जनावरांच्या जखमेचे टाके : न विरघळणाऱ्या धाग्याची निवड व उपयोग

मृगाच्या सरी पडून वाफसा आला की बैलाच्या एकेका दिवसाचे मोल वाढते. नेमक्या याच दिवसांत कुळवाची फास लागून मागचा पाय कापला जातो, काटेरी तारेत अडकून छातीची कातडी फाटते, नाही तर दुसऱ्या जनावराचे शिंग लागून कूस उघडी पडते. जखम मोठी असली म्हणजे पशुवैद्य तिला टाके घालतात. टाके घालून ते निघून गेले की पुढील दहा-बारा दिवसांची देखभाल दवाखान्यात होत नाही. ती गोठ्यात होते. टाके कोणत्या धाग्याचे आहेत, ते किती आहेत आणि केव्हा काढावयाचे आहेत, या तीन गोष्टी मालकास ठाऊक नसल्या तर उत्तम शिवलेली जखमही बिघडते.

कातडीच्या जखमेसाठी बहुधा न विरघळणारा धागा वापरतात. हा धागा आपण होऊन शरीरात जिरत नाही. जो हात तो घालतो त्याच हाताने, किंवा दुसऱ्या जाणत्या हाताने, तो मोजून परत काढावा लागतो. हे एक तत्त्व ध्यानात ठेवले म्हणजे या धाग्याची निवड, त्याची गाठ आणि त्याची निगा यांविषयीचे बहुतेक नियम सहज उमगतात.

टाके घालणे हे नोंदणीकृत पशुवैद्याचे काम होय. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकीय व्यवसायाचे नियमन केलेले आहे. म्हणून हा लेख वाचून कोणी सुई हाती घ्यावी, असा येथे मुळीच हेतू नाही. वैद्यांनी लिहून दिलेला धागा दुकानातून बिनचूक आणता यावा, त्यांच्या कामाचे मर्म कळावे आणि पुढील देखभाल नीट व्हावी, यासाठी शेतकरी बांधवांना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना ही माहिती असावयास हवी.

टाका कोणते काम करतो

टाका जखम भरून आणीत नाही. ते काम शरीर स्वतःच करते. टाका फक्त जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींस लागून राहतील एवढे पाहतो. कडा जवळ आल्या म्हणजे मधील फट अरुंद होते. तेथे गोठलेले रक्त प्रथम पूल बांधते. मग शरीरातील पेशी मेलेला भाग व जंतू साफ करतात आणि शेवटी नवे तंतू तयार होऊन सांधा जुळतो.

पहिल्या आठवड्यात या नव्या सांध्यास स्वतःचे बळ जवळजवळ नसते. सारा ताण धागाच सोसतो. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस कडा जुळलेल्या दिसतात, परंतु तोपर्यंत कातडीच्या मूळ बळाचा थोडाच अंश परत आलेला असतो. तीन महिन्यांनंतरही ते बळ मूळच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते. म्हणून टाके काढले त्याच दिवशी बैलास जुवाखाली घेणे हे जखम पुन्हा उघडण्यास निमंत्रण देण्यासारखे आहे. मोठ्या जखमेनंतर काम केव्हा सुरू करावयाचे हे वैद्यांस विचारूनच ठरवावे.

वैद्य येईपर्यंत

ताजी व स्वच्छ जखम साधारणतः सहा ते आठ तासांच्या आत शिवली गेली तर ती चांगली जुळते. पुढे जंतूंची वाढ होते आणि अशी जखम बंद करणे धोक्याचे ठरते. यास्तव वेळ न दवडता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी असलेल्या १९६२ या क्रमांकास कळवावे.

तोपर्यंत पुढील गोष्टी कराव्यात. रक्त वाहत असल्यास स्वच्छ धुतलेल्या कापडाची घडी जखमेवर दाबून धरावी व निदान दहा मिनिटे ती उचलून पाहू नये. रक्त थांबल्यावर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे सुमारे दीड चमचे, मीठ विरघळवून त्या पाण्याच्या धारेने माती व काडीकचरा धुऊन काढावा. आतडे बाहेर आले असल्यास ते आत ढकलण्याचा यत्न न करता याच पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ कापडाने झाकून ठेवावे.

जखमेत माती, शेण, राख, तिखट, रॉकेल अथवा डिझेल कदापि घालू नये. माती व शेणात धनुर्वाताचे जंतू सुप्त अवस्थेत राहतात. घोडा, शेळी व मेंढी यांना धनुर्वाताची बाधा गाईबैलांपेक्षा फार लवकर होते. हळद, काथ किंवा चुना भरल्याने रक्त थांबल्यासारखे दिसते खरे; पण वैद्यांना तो सारा थर खरवडून काढावा लागतो आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

प्रत्येक जखम शिवावयाची नसते, हेही जाणून घ्यावे. पू झालेली, अळ्या पडलेली, फार चिरडलेली किंवा दोन दिवस उघडी राहिलेली जखम शिवून बंद केली तर घाण आतच कोंडते. अशी जखम वैद्य उघडी ठेवून, धुऊन, आतून भरू देतात. कुत्र्याच्या चाव्याची गोष्ट तर निराळीच. ती जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी वैद्यांना दाखवून पिसाळी रोगाच्या लशीविषयी विचारावे. धुताना उघड्या हातांस जनावराची लाळ लागू देऊ नये. अशी जखम सहसा लगेच शिवीत नाहीत. वैद्यांनी टाके घातले नाहीत म्हणून त्यांनी कसूर केली, असे मालकाने समजू नये.

धाग्यांच्या दोन जाती

शस्त्रक्रियेच्या धाग्यांचे विरघळणारे व न विरघळणारे असे दोन वर्ग आहेत. विरघळणारा धागा शरीरातील रसांमुळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जिरून जातो. मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून तयार केलेला कॅटगट हा त्यांतील जुना प्रकार. आता कृत्रिम विरघळणारे धागेही मिळतात. स्नायू, गर्भाशय, पोटाचे आतील पडदे अशा, पुन्हा हात न पोचणाऱ्या जागी हे धागे वापरतात.

न विरघळणारा धागा मुख्यतः कातडीसाठी असतो. कातडीवर ताण अधिक काळ राहतो, तेथे धाग्याने ऐन वेळी दगा देऊन चालत नाही आणि काम संपताच तो बाहेरून काढताही येतो. ‘न विरघळणारा’ हा शब्दही मर्यादित अर्थानेच घ्यावयाचा. रेशमाचे बळ शरीरात वर्षभरात बहुतेक नाहीसे होते आणि नायलॉनचेही दरवर्षी थोडेथोडे कमी होत जाते. परंतु जखम भरण्यास लागणाऱ्या दोन-तीन आठवड्यांचा विचार करता हे धागे टिकणारेच होत.

धाग्याची पारख आपल्या देशात फार प्राचीन काळापासून आहे. सुश्रुतसंहितेत बारीक सूत, अश्मंतकाच्या सालीचे तंतू, ताग, जवसाचे तंतू, स्नायू, केस, मूर्वा व गुळवेल यांचा टाक्यांसाठी उल्लेख केलेला आहे. टाके फार दूर घातले तर कडा दुखतात आणि फार जवळ घातले तर त्या फाटतात, हा इशाराही तेथे दिलेला आहे. आजही शस्त्रक्रिया शिकणाऱ्यास हाच नियम शिकवितात.

न विरघळणारे मुख्य धागे

रेशीम : हा धागा मऊ असून हातात चांगला वळतो आणि त्याची गाठ पक्की बसते. मात्र तो अनेक तंतू विणून केलेला असतो. दिव्याची वात जसे तेल ओढते तसा हा धागा जखमेतील ओल ओढतो आणि त्या ओलीबरोबर जंतू आत शिरतात. म्हणून घाण लागण्याचा संभव असलेल्या जखमेस तो तितकासा योग्य नाही.

सुती व जवसाचा धागा : हाही ओल धरतो. शस्त्रक्रियेसाठी खास तयार केलेले असे धागे मिळतात; पण घरातील शिवणाचे रीळ म्हणजे तो धागा नव्हे.

नायलॉन : १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांनी हा पदार्थ प्रथम तयार केला. शस्त्रक्रियेत याचा एकतंतू धागा विशेष वापरतात. तो गुळगुळीत असल्याने ओल ओढत नाही, कातडीतून सहज सरकतो आणि शरीराची आग कमी करतो. गाईबैलांच्या कातडीसाठी तो फार उपयोगी पडतो. त्याचा दोष एवढाच की तो गुंडाळीतील वळण विसरत नाही. त्यामुळे त्याची गाठ सैल होऊ पाहते.

पॉलिप्रोपिलीन : हा बहुधा निळ्या रंगाचा, एकतंतू व अतिशय गुळगुळीत धागा होय. शरीरात त्याचे बळ दीर्घकाळ टिकते आणि जंतू त्यास सहसा धरून राहत नाहीत. काढतानाही तो सहज निघतो. गाठीची काळजी मात्र नायलॉनइतकीच घ्यावी लागते.

पोलादी तार : न गंजणाऱ्या पोलादाची ही तार सर्वांत बळकट असते. परंतु ती वळविणे अवघड असून टोके टोचतात. ती ठरावीक कामांसाठीच वापरतात.

थोडक्यात सांगावयाचे तर, गोठ्यात राहणाऱ्या, शेणामातीशी नित्य संबंध येणाऱ्या जनावराच्या कातडीस एकतंतू, गुळगुळीत धागा बरा. विणलेला धागा मऊ असतो खरा, पण तोच मऊपणा जंतूंस थारा देतो.

पाकिटावरील क्रमांक

वैद्यांनी धागा लिहून दिल्यास दुकानात पाकीट नीट वाचून घ्यावे. त्यावर धाग्याचे नाव, जाडीचा क्रमांक, लांबी, सुईचा आकार व मुदतीची तारीख छापलेली असते. क्रमांकाची रीत प्रथमदर्शनी उलटी वाटते. १, २, ३ असा आकडा वाढला तर धागा जाड होतो. ० हा १ पेक्षा बारीक. ‘२-०’ म्हणजे दोन शून्ये. तो ० पेक्षा बारीक, आणि ‘३-०’ त्याहून बारीक. नायलॉनचा ३-० धागा सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा, तर २ क्रमांकाचा ०.५ मिलिमीटरांहून किंचित जाड असतो. म्हणून ‘२’ आणि ‘२-०’ यांत घोटाळा होऊ देऊ नये.

बैल, गाय व म्हैस यांच्या जाड कातडीस सामान्यतः १ ते ३ क्रमांकाचा धागा लागतो. शेळी, मेंढी व लहान वासरू यांना त्याहून बारीक चालतो. सडाच्या जखमेसाठी फार बारीक धागा व कुशल हात हवा. सडातून दूध झिरपत असल्यास जखम लहान दिसली तरी विलंब करू नये. कारण ती चुकीची जुळली तर तेथे कायमचे छिद्र राहून दूध गळते. जाड धागा म्हणजे भक्कम काम, ही समजूत बरोबर नाही. गरजेपेक्षा जाड धाग्याने छिद्र मोठे होते आणि शरीरास परकी वस्तूही अधिक सोसावी लागते.

फाटलेले किंवा ओले झालेले, अथवा मुदत संपलेले पाकीट घेऊ नये. उघडलेल्या पाकिटातील उरलेला धागा पुढच्या वेळेसाठी जपून ठेवणे ही काटकसर नव्हे. तो निर्जंतुक राहिलेला नसतो.

सुई, अंतर आणि गाठ

कातडीसाठी त्रिकोणी धारेची, वाकडी सुई वापरतात, कारण गोल सुई चिवट कातडीतून जात नाही. उलट आतील नाजूक भागास गोल सुईच हवी. धारेची सुई तो भाग कापीत जाते. वैद्य जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन, भोवतालचे केस कापून व कातडी जंतुनाशकाने पुसून काम सुरू करतात. त्या वेळी जनावर खोड्यात नीट बांधून देणे व धूळ उडू न देणे हे मालकाचे काम आहे.

मोठ्या जनावरात टाका जखमेच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटरवर घेतात आणि दोन टाक्यांतील अंतरही एक ते दीड सेंटिमीटर ठेवतात. कडा एकमेकींस नुसत्या भिडाव्यात. टाका आवळून कडा पांढरी पडली तर तिचे रक्त बंद होते, ती मरते आणि टाका कातडी कापून बाहेर येतो. जखमेस सूज येणार हे धरूनच टाका किंचित सैल ठेवलेला असतो. मालकास तो सैल दिसला म्हणून वैद्यांना अधिक आवळण्याचा आग्रह करू नये.

नायलॉनच्या गाठीस एकावर एक चार-पाच फेरे द्यावे लागतात आणि प्रत्येक फेरा आधीच्या उलट दिशेने घ्यावा लागतो. एकाच दिशेने घेतलेली गाठ सरकते. कातडीत प्रत्येक टाका सुटासुटा घालण्याचा मोठा लाभ असा की एक तुटला तरी बाकीचे जखम धरून राहतात. सलग शिवणीत एका ठिकाणी धागा तुटला की सारी शिवण सैल पडते.

घरचा दोरा का नको

दवाखाना दूर असल्यास दाभण व सुतळी, मासे धरण्याची तंगूस किंवा शिवणयंत्राचा दोरा घेऊन जखम शिवण्याचा मोह होतो. सुतळी ओल व घाण दोन्ही धरते. तंगूस ही जातीने नायलॉनच असली तरी ती निर्जंतुक नसते. दाभणाने पडलेले छिद्र मोठे असते आणि त्यातून जंतू खोलवर जातात. शिवाय भूल न देता शिवणे ही जनावरास क्रूर यातना होय. ते उसळून माणसासही इजा करते. आत न विरघळणारा दोरा पुरला गेला तर जखम वरून भरलेली दिसते, पण महिन्या-दोन महिन्यांनी त्याच जागी गाठ येऊन पू वाहू लागतो. औषधाने तो थांबतो व पुन्हा सुरू होतो. तो दोरा बाहेर काढल्याखेरीज हा नाडीव्रण बरा होत नाही.

टाक्यांची नोंद व देखभाल

टाके घालून झाल्यावर वैद्यांसमक्ष ते मोजावेत आणि गोठ्याच्या दारावर किंवा वहीत अशी नोंद करावी : ‘डावी मांडी, नायलॉन, बाहेरचे टाके ९, घातले ४ जुलै, काढावयाचे १६ ते १८ जुलै.’ एवढ्या एका ओळीने पुढचे अनेक घोटाळे टळतात. आत विरघळणारे टाके असल्यास तेही विचारून लिहावे, म्हणजे नसलेल्या टाक्याचा शोध कोणी घेत बसणार नाही.

जनावर कोरड्या, स्वच्छ जागी बांधावे. जखम चाटता येणार नाही अशी तजवीज करावी. म्हशीस डबक्यात बसू देऊ नये. पावसाळ्यात माशा जखमेवर अंडी घालतात व थोड्याच अवधीत अळ्या पडतात. म्हणून वैद्यांनी दिलेले माशा दूर ठेवणारे औषध नियमाने लावावे व जखम सकाळ-संध्याकाळ पाहावी. पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज येते. परंतु सूज वाढत जाणे, दुर्गंधी, पू, ताप, वैरण टाकणे अथवा टाका तुटणे यांपैकी काही दिसल्यास ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नये. जनावराचे अंग ताठणे किंवा जबडा न उघडणे हे धनुर्वाताचे लक्षण असून त्यात एका तासाचाही विलंब करू नये. प्रतिजैविक दिले असल्यास वैद्य सांगतील तितके दिवस दूध विकू नये व घरातही वापरू नये.

टाके काढण्याचा दिवस

कातडीचे टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी काढतात. ताण असलेल्या जागी किंवा पोट कापून वासरू काढले असल्यास वैद्य ते याहून थोडे अधिक दिवस ठेवतात. लवकर काढले तर जखम उसवते. फार उशीर केला तर कातडी धाग्याभोवती वाढते आणि टाक्याच्या छिद्राचीच नवी जखम होते. ‘गळून पडतील आपोआप’ हे वाक्य न विरघळणाऱ्या टाक्यांस लागू नाही.

टाका काढताना तो जंतुनाशकाने पुसून, गाठ चिमट्याने उचलून, गाठीखाली कातडीलगत एकाच बाजूस कापतात. असे केल्याने बाहेर राहिलेला मळका धागा आतून ओढला जात नाही. नऊ टाके घातले असतील तर नऊच गाठी हातात यावयास हव्यात. आठ आल्या तर नववी शोधलीच पाहिजे.

मायांगाचा टाका : विसरू नये असा

व्यायला आलेल्या गाई-म्हशीचे मायांग वारंवार बाहेर येत असेल तर ते धुऊन आत बसविल्यावर वैद्य योनिद्वाराभोवती न विरघळणारी फीत घालतात. ब्यूनर या पशुवैद्याने १९५८ साली प्रसिद्ध केलेली रीत यासाठी आजही वापरात आहे. बारीक धागा मांस कापीत जातो म्हणून तेथे रुंद फीत घेतात. लघवीस अडथळा होणार नाही इतकी जागा मोकळी ठेवलेली असते.

ही फीत आपण होऊन विरत नाही आणि वासराच्या वाटेवरच असते. वेण सुरू झाल्यावरही ती तशीच राहिली तर गाय फाटते, नाही तर वासरू आत गुदमरते. कधी दोन्ही जिवांस मुकावे लागते. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा व म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो. यावरून व्यायची तारीख काढून ती नोंदवून ठेवावी. कास भरणे, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंस खळगे पडणे, चिकट स्राव येणे, जनावर ऊठबस करू लागणे ही चिन्हे दिसताच वैद्यांना बोलावून फीत मोकळी करून घ्यावी. असे जनावर दुसऱ्यास विकले किंवा नातलगाकडे पाठविले तर टाक्याची गोष्ट तोंडी व लेखी सांगण्यास चुकू नये. नव्या मालकास बाहेरून काही कळत नाही, आणि रात्री वेण लागल्यावर शोध घेण्यास सवड नसते.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गोठ्यास भेट देताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : टाके कोणत्या धाग्याचे? किती? कोणत्या तारखेस काढावयाचे? मालकास उत्तर देता आले नाही तर दवाखान्यातून माहिती घेऊन ती त्यांच्या वहीत लिहून द्यावी. गावातील अशा जनावरांची तारीखवार यादी ठेवल्यास वैद्यांच्या एकाच फेरीत अनेकांचे टाके निघतात आणि कोणाचाही दिवस चुकत नाही.

चांगला धागा निवडणे हे वैद्यांचे ज्ञान, तो नीट घालणे हे त्यांचे कौशल्य. परंतु तो मोजून ठेवणे आणि वेळेवर काढून घेणे ही मालकाची जबाबदारी होय. तिला लागते ती एक वही आणि रोजची एक नजर. त्यात कसूर केल्यास भर हंगामात बैल खुंट्यास राहतो, आणि मायांगाचा टाका विसरल्यास गाय व वासरू दोन्ही हातचे जातात.